बंदी का येत नाही, आणि आली तरी कुठली बंदूक जाईल?

सांगलीच्या एका वाचकांनी विचारलं आहे: "मुलगी ऑगस्टमध्ये मास्टर्ससाठी मेरीलँडला जाते आहे. दर आठवड्याला तिकडे कुठे ना कुठे गोळीबार झाल्याचं वाचतो. एवढी माणसं मरतात, तरी हे लोक बंदुकांवर सरळ बंदी का घालत नाहीत? आणि आम्ही किती काळजी करायची?"

मी मेरीलँडमधल्याच बाल्टिमोर शहरात इमर्जन्सी मेडिसिन करतो. एमबीबीएस आणि इंटर्नशिप विदर्भात झाली, पुढचं सगळं इकडे. गोळी लागलेले पेशंट बघणं हे माझं नेहमीचं काम आहे. शिवाय गेली काही वर्षं नव्या रेसिडेंट डॉक्टरांना, पेशंटच्या घरातल्या बंदुकीविषयी त्याच्याशी कसं बोलायचं, हेही शिकवतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. त्याआधी इथे माणसं कशाने आणि कुठे मरतात हे बघायला हवं, कारण टीव्हीवर दिसतं ते आणि आमच्याकडे स्ट्रेचरवरून येतं ते यांत फार अंतर आहे.

२०२३ साली अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं मेली. रोज सव्वाशेच्या वर. त्यांत २७,३०० आत्महत्या होत्या आणि १७,९२७ खून. उरलेल्यांत अपघात, पोलिसांच्या गोळीने झालेले मृत्यू वगैरे. तुम्ही ज्या बातम्या वाचता त्या सामूहिक गोळीबाराच्या. त्याची व्याख्या अगदी सैल केली, म्हणजे हल्लेखोर सोडून चार जणांना गोळी लागली की तो सामूहिक गोळीबार मानला, तरी त्यातले मृत्यू एकूण मृत्यूंमध्ये शंभराला दोनसुद्धा भरत नाहीत. आणि ज्या रायफलीचा फोटो प्रत्येक बातमीत असतो, ती एआर-१५ आणि तिच्यासकट सगळ्या प्रकारच्या रायफली मिळून, शस्त्राची नोंद झालेल्या खुनांमध्ये शंभरातल्या तीन-चारांनाच कारणीभूत ठरतात. बाकी बहुतेक काम साध्या पिस्तुलांचं.

म्हणजे संसदेत आणि टीव्हीवर ज्या बंदुकीवरून वाद पेटतो, ती एकूण मृत्यूंतल्या फार थोड्यांना कारण आहे. सँडी हुकच्या शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मेली, मे २०२२ मध्ये युव्हाल्डीच्या शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका. हे कमी लेखायचा प्रश्नच नाही. रायफलीची गोळी शरीरात काय करते हे ज्याने एकदा पाहिलं आहे तो आयुष्यभर ते विसरत नाही. पिस्तुलाची गोळी आपल्या वाटेतलं फाडत जाते. रायफलीच्या गोळीचा वेग इतका असतो की वाटेबाहेरचं यकृतही फुटतं, आणि मग सर्जनला शिवायला काही उरत नाही. पण कायदा करायचा तो या चित्राकडे बघून करायचा की मृत्यूंच्या नोंदवहीकडे बघून, यावर सगळं अडतं. २०२० पासून एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे, मोटार अपघातांच्याही पुढे. त्यातली बहुसंख्य मुलं शाळेत मेलेली नाहीत.

आत्महत्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण वादात त्या कुणीच मोजत नाही. बंदूक हवी म्हणणारे म्हणतात, तो मानसिक आरोग्याचा प्रश्न आहे. बंदूक नको म्हणणाऱ्यांनाही त्यात खलनायक सापडत नाही. "ज्याला मरायचंच आहे तो कसाही मरेल" हे वाक्य मी पेनसिल्व्हेनियातल्या शिकाऱ्यांकडून ऐकलं आहे आणि यवतमाळकडच्या नातेवाइकांकडूनही. दोन्हीकडे ते चूक आहे. विदर्भात इंटर्नशिप केलेल्या डॉक्टरला हे पटवावं लागत नाही. कीटकनाशक प्यालेला माणूस कॅज्युअल्टीत यायचा, अ‍ॅट्रोपिन हा उतारा सुरू व्हायचा, आणि वाचला तर दोन-तीन दिवसांनी स्वतःच म्हणायचा, "डोकंच फिरलं होतं, डॉक्टर." श्रीलंकेने १९९५ च्या सुमारास सगळ्यात जहाल कीटकनाशकं बाजारातून काढून घेतली. शेतकऱ्यांची कर्जं, दारू, घरातली भांडणं काही थांबली नव्हती. तरी पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण दोन-तृतीयांशाहून जास्त उतरलं. हाताशी असलेलं साधन कमी जीवघेणं झालं, एवढाच फरक.

बंदुकीचं गणित याच वाटेने जातं, फक्त जास्त क्रूर आहे. औषधाच्या गोळ्या घेऊन आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या शंभरांतले पाचही दगावत नाहीत. बंदुकीने प्रयत्न करणाऱ्यांतले नव्वदच्या आसपास दगावतात. आणि एकदा वाचलेल्या दहांतले नऊ पुढे कधीच आत्महत्येने मरत नाहीत. ह्यूस्टनमध्ये जिवावर बेतलेल्या प्रयत्नांतून वाचलेल्या तरुणांना विचारलं तेव्हा जवळजवळ चौथ्या हिश्शाने सांगितलं की ठरवण्यात आणि करण्यात पाच मिनिटांचंही अंतर नव्हतं. त्या पाच मिनिटांत पिस्तूल कुलपात असणं किंवा घरात नसणं, हाच सारा उपचार. इस्रायलच्या लष्कराने २००६ मध्ये सैनिकांना आठवड्याच्या सुट्टीत रायफल घरी न्यायला मनाई केली. कुणाचे हक्क गेले नाहीत, नवा कायदा नाही, मोर्चे नाहीत. सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या.

म्हणून मी रेसिडेंटना शिकवतो की निराशेने घेरलेला पेशंट समोर असेल तर बंदुकीविषयी विचारायलाच हवं, आणि पोलिसी आवाजात विचारायचं नाही. "इकडे बऱ्याच घरांत बंदूक असते, तुमच्याकडेही असेल तर सध्या काही आठवडे ती कुठे ठेवता येईल, यावर जरा बोलू या" अशी सुरुवात केली की ट्रकवर बंदूक-हक्काचं स्टिकर लावणारा माणूसही बोलतो. बायको म्हणते, माझ्या भावाकडे ठेवू. कुणी दुकानदाराकडे ठेवतो, कुणी सेफच्या कुलपाचे आकडे मुलाला बदलायला सांगतो. बंदूक कायमची द्या असं आम्ही म्हणतच नाही. दारू प्यालेल्या मित्राची गाडीची किल्ली रात्रीपुरती काढून घ्यावी, तसं हे.

यातही राजकारण घुसलंच. २०११ मध्ये फ्लोरिडाने कायदा करून डॉक्टरांना पेशंटकडे बंदुकीची चौकशी करण्यावर बंधन आणलं. ते कोर्टात पडायला २०१७ उजाडलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये डॉक्टरांच्या एका संघटनेने बंदुकीच्या जखमांबद्दल भूमिका मांडली, तेव्हा नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकमालकांच्या संघटनेने, म्हणजे एनआरएने, बंदूकविरोधी डॉक्टरांनी आपापली पायरी ओळखून राहावं असं जाहीरपणे सुनावलं. त्यावर देशभरातल्या ट्रॉमा सर्जननी रक्ताने भरलेले आपले कपडे, बूट, खुर्च्या यांचे फोटो टाकले. त्याच महिन्यात शिकागोच्या एका हॉस्पिटलमध्ये एका इमर्जन्सी डॉक्टरचाच गोळी घालून खून झाला.

पण याच देशात न्यू हॅम्पशायरची गोष्टही घडली आहे. २००९ मध्ये तिथल्या एकाच दुकानातून, एका आठवड्याच्या आत, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तीन माणसांनी बंदुका घेतल्या आणि काही तासांत आत्महत्या केल्या. मालकाला ते सहन झालं नाही. तो, इतर दुकानदार आणि हार्वर्डच्या संशोधक मंडळींनी मिळून बसून ठरवलं की गिऱ्हाइकात काय खटकलं तर बंदूक विकायची नाही: पहिल्यांदाच घेतोय, पण कुठली हवी याची फिकीर नाही, साफ कशी करायची याचा प्रश्न नाही, नजर भिडवत नाही. मग दुकानांतून पत्रकं लागली, आणि पुढे बऱ्याच राज्यांनी ते उचललं. बंदूक विकणारे आणि बंदुकीच्या जखमा शिवणारे एका टेबलावर बसले ते कुणी कुणाला गुन्हेगार न म्हणता. मला स्वतःला संसदेतल्या कुठल्याही भाषणापेक्षा हे पत्रक जास्त मोलाचं वाटतं.

आता तुमचा पहिला प्रश्न: सरळ बंदी का नाही?

पहिली अडचण मोजमापाची. २०१७ च्या अंदाजानुसार अमेरिकेत नागरिकांकडे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे शंभर माणसांमागे एकशेवीस. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण सगळे देतात. १९९६ मध्ये पोर्ट आर्थरच्या गोळीबारात पस्तीस माणसं मेल्यावर त्यांनी कडक कायदा केला आणि पैसे देऊन साधारण साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या. उत्तम काम केलं. पण इथे तेवढंच करायचं तर शंभराहून जास्त पटीने करावं लागेल, आणि कुणाकडे काय आहे हे सरकारला ठाऊकच नाही. १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची नोंदवही ठेवायला बंदी आहे.

ही बंदी प्रत्यक्षात कशी दिसते ते बघायचं तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावी जावं. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढणारं केंद्र तिथे आहे आणि वर्षाला सहा लाखांच्या वर विनंत्या त्याच्याकडे येतात. आपण म्हणू, नंबर टाकला की मालकाचं नाव येत असेल. तसं काही नाही. कर्मचारी आधी कारखान्याला विचारतो, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगतो, तो दुकानदाराचं, आणि दुकानदार आपल्या कपाटातून विक्रीचा ४४७३ नंबरचा फॉर्म शोधून काढतो. दुकान बंद पडलं असेल तर त्याचे कागद खोक्यांतून मार्टिन्सबर्गला आलेले असतात. ते स्कॅन करता येतात, पण नावाने शोधता येईल अशी सोय करायची नाही, कारण तसं केलं तर ती नोंदवही होईल. म्हणून माणसं पानं उलटत बसतात. आपल्याकडे तलाठ्याच्या दफ्तराला नावं ठेवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं. आणि हा माग पहिल्या विक्रीपाशी संपतो. पुढे तीच बंदूक कुणी शेजाऱ्याला विकली तर अनेक राज्यांत कागदच होत नाही. परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी लागते, खाजगी विक्रेत्याला केंद्रीय कायद्याने ते बंधन नाही. तपासणीतही फट आहेच: तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारणाऱ्याला बंदूक अशीच मिळाली होती.

दुसरी अडचण घटनेची. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत सुव्यवस्थित नागरी सेनेचा उल्लेख आहे आणि लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही. हक्क सेनेपुरता की प्रत्येकाचा, यावर दोनशे वर्षं कीस पाडला गेला. २००८ मध्ये हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की हक्क व्यक्तीचा आहे. त्या निकालात राजधानी वॉशिंग्टनची जी बंदी पडली ती पिस्तुलांवरची होती. म्हणजे ज्या शस्त्राने सगळ्यात जास्त माणसं मरतात, त्यावर सरसकट बंदी घालायची वाट तिथेच बंद झाली. न्यायमूर्ती स्कालिया यांनी त्याच निकालात हा हक्क अमर्याद नाही असंही लिहिलं आहे, पण ते वाक्य दोन्ही बाजूंचे लोक सोयीने वाचतात. मग सुप्रीम कोर्टाचाच २०२२ चा ब्रूएन निकाल आला. त्यानुसार आजचा निर्बंध टिकायचा असेल तर अमेरिकेच्या इतिहासात त्याच्यासारखा निर्बंध दाखवावा लागतो. तेव्हापासून खालच्या कोर्टांत वकील अठराव्या शतकातले दारूगोळ्याच्या साठ्याचे नियम धुंडाळत आहेत. घरच्या माणसाला मारहाण केल्याबद्दल कोर्टाचा मनाई हुकूम असलेल्याकडून बंदूक काढून घेता येते की नाही, हे ठरायला २०२४ चा रहीमी निकाल लागला. तो आठ विरुद्ध एक असा झाला, आणि विरोधात गेलेले एकटे न्यायमूर्ती थॉमस हेच ब्रूएनचे लेखक.

घटनाच बदला म्हणाल, तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि पन्नासपैकी अडतीस राज्यं लागतात. साधा कायदासुद्धा सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, शंभरातल्या साठ मतांशिवाय पुढे सरकत नाही, आणि तिथे सहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या वायोमिंगलाही दोन जागा आणि जवळजवळ चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. सँडी हुकनंतर चार महिन्यांनी खाजगी विक्रीतही पार्श्वभूमी तपासावी असं विधेयक आलं. बहुसंख्य जनतेला ते हवं होतं. ५४ मतं मिळाली आणि ते पडलं. २०२२ मध्ये युव्हाल्डीनंतर एक मर्यादित कायदा मंजूर झाला, एकवीस वर्षांखालच्या गिऱ्हाइकांची जास्त कसून तपासणी, दुसऱ्याच्या नावावर बंदूक घेणं हा स्वतंत्र गुन्हा, वगैरे. जवळजवळ तीस वर्षांतला तो पहिला लक्षणीय केंद्रीय कायदा होता.

इथपर्यंत ऐकून मराठी माणूस म्हणतो, "सगळा एनआरएच्या पैशाचा खेळ." पैसा आहेच. पण तेवढ्याने हिशोब जुळत नाही. एनआरए १८७१ ची संस्था. बरीच दशकं ती नेमबाजी शिकवायची आणि काही निर्बंधांना पाठिंबाही द्यायची. १९७७ च्या अधिवेशनात कडव्या सदस्यांनी ती ताब्यात घेतली आणि सूर बदलला. आज ती संस्था भ्रष्टाचाराच्या खटल्यांनी बरीच खिळखिळी झाली आहे, तरी बंदुकीची मतं हललेली नाहीत, कारण ती मतं घराघरांतली आहेत. माझा एक सहकारी नर्स डोंगराळ भागात राहतो. रात्री पोलीस बोलावले तर पोचायला पाऊण तास. २००५ मध्ये कॅसल रॉक खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की मनाई हुकूम पोलिसांनी अंमलात आणलाच पाहिजे असा घटनात्मक हक्क नागरिकाला नाही. मग तो म्हणतो, माझं रक्षण कोण करणार? या प्रश्नाला "तुला बंदुकीची काय गरज" हे उत्तर होत नाही.

काळ्या लोकांची आठवण तर आणखी कडू आहे. यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना शस्त्रं ठेवायला मनाई केली. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या काळ्यांच्या लढाऊ संघटनेचे कार्यकर्ते उघड बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आणली. सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, आणि एनआरएचा पाठिंबा होता. (जाता जाता: बंदूक-हक्कवाले गांधीजींचंही नाव घेतात. ब्रिटिशांचा १८७८ चा शस्त्र कायदा हे त्यांच्या राजवटीतलं सगळ्यात काळं कृत्य, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य खरं आहे. ते १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकातलं आहे हे मात्र कुणी सांगत नाही.)

वादातले काही मुद्दे दोन्हीकडून नुसते फेकले जातात. "शिकागोत एवढे कडक कायदे, तरी खून होतातच ना?" शिकागोच्या गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांपैकी निम्म्याहून जास्त राज्याबाहेरून आलेल्या असतात, आणि ढिल्या कायद्यांचं शेजारचं इंडियाना राज्य मोटारीने अर्ध्या तासावर आहे. "प्रश्न बंदुकीचा नाही, वेडाचा आहे." मानसिक आजार उद्या पूर्ण नाहीसे झाले तरी समाजातली हिंसा साधारण चार टक्केच घटेल असा या विषयातल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. दुसऱ्या बाजूला, १९९४ ते २००४ च्या असॉल्ट वेपन, म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकांवरच्या, बंदीचे गोडवे गायले जातात. त्या कायद्याने आधीच्या बंदुका तशाच राहू दिल्या आणि बंदी आणली ती संगिनीचा खाचा, दुमडता दस्ता अशा बाह्य गोष्टी मोजून. कारखान्यांनी एक-दोन भाग काढले आणि विक्री चालू ठेवली. एकूण मृत्यूंवर तिचा परिणाम शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. मोठ्या मॅगझिनवरच्या, म्हणजे बंदुकीत एका वेळी किती गोळ्या भरता येतील यावरच्या, मर्यादेचा मुद्दा मला त्यापेक्षा भक्कम वाटतो, कारण मॅगझिन बदलायला थांबावं लागतं तेव्हाच लोक पळतात.

मग उपयोगी काय पडतं? जे कंटाळवाणं आहे ते. वाहन चालवण्यासारखाच बंदूक विकत घेण्याआधी परवाना: बोटांचे ठसे, प्रशिक्षण, थोडी वाट बघणं. कनेक्टिकटने १९९५ मध्ये हे सुरू केलं आणि बंदुकीचे खून घटले. मिझुरीने २००७ मध्ये असलेली परवाना पद्धत काढून टाकली, आणि बंदुकीच्या खुनांचं प्रमाण जवळपास पाव हिश्शाने वाढलं, असं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं आहे. मेरीलँडमध्ये, म्हणजे तुमची मुलगी येते आहे तिथे, पिस्तुलासाठी २०१३ पासून असा परवाना लागतो. मुलांच्या हाती लागू नये म्हणून बंदूक कुलपात ठेवायची सक्ती करणारे कायदे हेही असेच. रँड या संस्थेने सगळ्या संशोधनाची छाननी केली, त्यात सगळ्यात ठाम पुरावा ज्या थोड्या कायद्यांच्या बाजूने निघाला त्यांत हे आहेत. आणि धोक्याची चिन्हं दिसणाऱ्या माणसाची बंदूक कोर्टाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेणारे ‘रेड फ्लॅग’ कायदे. १९९९ मध्ये कनेक्टिकटपासून सुरुवात झाली, आता वीसहून जास्त राज्यांत आहेत. यातल्या एकाही कायद्याने सरळमार्गी शिकाऱ्याची बंदूक जात नाही.

खुनांच्या बाबतीत बंदुकीइतकंच माणसांवर काम करावं लागतं. कुठल्याही शहरात गोळ्या झाडणारे आणि गोळ्या खाणारे हे थोड्याच गल्ल्यांतले, थोडेच तरुण असतात, आणि बरेचदा आज जखमी होऊन आलेला उद्या झाडणारा असतो. बॉस्टनने १९९६ मध्ये हे ओळखलं. टोळीतल्या मुलांना एकत्र बोलावून पोलीस, पाद्री, मेलेल्यांच्या आया यांनी समोर बसून सांगितलं: थांबलात तर नोकरी-शिक्षणाला मदत, पुढची गोळी झाडलीत तर सगळी टोळी आत. तरुणांचे खून निम्म्याहून कमी झाले. बाल्टिमोरने हीच पद्धत २०२२ मध्ये पश्चिम भागापासून नव्याने सुरू केली. त्या वर्षी शहरात ३३० च्या वर खून झाले होते, २०२४ मध्ये २०१. देशभरच या काळात खून कमी झाले, तेव्हा सगळं श्रेय या योजनेला देता येणार नाही. पण आमच्या विभागातल्या शनिवार-रविवारच्या रात्रींत पडलेला फरक मला दिसतो. इकडे हॉस्पिटलमध्येच अशी माणसं नेमलेली असतात, त्यातली काही स्वतः पूर्वी गोळी खाल्लेली, जी पलंगाशी बसून सूड घ्यायला निघालेल्या भावाला थोपवतात. त्यांचा पगार अनुदानावर चालतो आणि अनुदान दरवर्षी टांगणीला लागतं.

हे सगळं इतक्या उशिरा का कळतं आहे, तर संशोधनच अडवलं होतं. १९९३ मध्ये एका अभ्यासाने दाखवलं की घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याची शक्यता कमी होत नाही, वाढते. १९९६ मध्ये संसदेने सीडीसी या केंद्रीय आरोग्य संस्थेच्या अंदाजपत्रकातून बरोबर २६ लाख डॉलर काढून घेतले, म्हणजे बंदुकीच्या संशोधनावर होत असलेला खर्च, आणि बंदूक नियंत्रणाचा प्रचार करायचा नाही अशी तरतूद घातली. तिला डिकी दुरुस्ती म्हणतात. तेवढ्या धमकीने वीस वर्षं कुणी हात लावला नाही. त्या तरतुदीचे जनक खासदार जे डिकी यांनीच २०१२ मध्ये सीडीसीतल्या आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याबरोबर लेख लिहून संशोधन व्हायला हवं म्हटलं. पैसा पुन्हा मिळाला तो २०१९ च्या डिसेंबरात, अडीच कोटी डॉलर. स्वसंरक्षणासाठी बंदूक वर्षाला किती वेळा वापरली जाते, यासारख्या साध्या प्रश्नावरचे अंदाज आजही लाखाच्या आतबाहेरपासून पंचवीस लाखांपर्यंत पसरलेले आहेत, आणि दोन्ही बाजू आपल्याला हवा तो उचलतात.

आता तुमच्या मुलीविषयी. एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकला बत्तीस माणसं मारली गेली, त्यात मुंबईहून आलेली एक विद्यार्थिनी होती. त्यामुळे "आपल्या मुलांना काही होत नाही" असं मी म्हणणार नाही. पण कॅम्पसवर असा प्रसंग एका विद्यार्थ्याच्या वाट्याला येण्याची शक्यता फार म्हणजे फारच कमी आहे. पोचल्यावर विद्यापीठाच्या आणीबाणीच्या संदेशांसाठी तिने मोबाइल नंबर नोंदवावा आणि पहिल्या आठवड्यात त्याविषयी जी माहिती देतात तिला हजर राहावं. एवढं पुरे.

भारतीय विद्यार्थ्यांना खरा धोका असतो तो रात्रीच्या नोकरीत. पेट्रोल पंप, दारूचं दुकान, चोवीस तास उघडं किराणा दुकान: गल्ल्यासाठी येणारे दरोडेखोर तिथे येतात, आणि मारल्या गेलेल्या आपल्या मुलांच्या बातम्यांत ही जागा पुन्हा पुन्हा दिसते. विद्यार्थी व्हिसावर अशी बाहेरची नोकरी बहुधा बेकायदाच असते, म्हणून ती रोखीत आणि रात्रीची मिळते. फीसाठी पैसे कमी पडत असतील तर ते तिने तुम्हाला सांगावं, एवढी मोकळीक तिला देऊन पाठवा. आणि कुणी बंदूक रोखून फोन-पाकीट मागितलं तर देऊन टाकायचं, हुज्जत घालायची नाही.

आणखी एक, जे आपल्या मुलामुलींना कुणी सांगत नाही. विद्यार्थी व्हिसा किंवा एच-१बी व्हिसावर आलेल्या माणसाला, शिकारीचा परवाना असण्यासारखे काही अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. शूटिंग रेंजवर भाड्याने घेऊन झाडणं हेही त्यात येऊ शकतं. सुट्टीत रेंजवर जाऊन काढलेले फोटो आपली मंडळी हौसेने टाकतात; एखाद्याचं ग्रीन कार्ड त्यावर अडकू शकतं.

इथे संसार थाटलेले तुमचे कुणी नातेवाईक असतील तर त्यांनाही एक सांगा. मूल मित्राच्या घरी खेळायला जाणार असेल तेव्हा आपण कुत्रा आहे का, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, चालेल का, हे विचारतो. त्याच फोनवर "घरात बंदूक असेल तर कुलपात असते ना?" हेही विचारायचं. सुरुवातीला जड जातं. बंदूक असलेल्या घरांना मात्र त्याचं काही वाटत नाही. बहुतेक जण लगेच सांगतात, काही तर सेफ उघडून दाखवतात. २०२० नंतर आपल्या लोकांतही पिस्तूल घेणारे वाढले आहेत, तेव्हा जोशी-पाटलांच्या घरीही विचारायला हरकत नाही. आणि परीक्षा, व्हिसा, नोकरी यांच्या ताणाखाली कुणी खचलेलं दिसलं, तर इथे ९८८ हा मदतीचा नंबर दिवसरात्र चालू असतो. तो तिच्या फोनमध्ये निघण्याआधीच घालून ठेवा.